जुन्या फवारणी पंपाच्या बॅटरीपासून घरच्या घरी मोबाईल चार्जर. कसा बनवायचा आणि कुठं जपायचं, वाचा सविस्तर

रात्रपाळीची लाईट असली की आपल्याकडं अर्धं शिवार जागं असतं. डीपीवर तिन्ही फेज आहेत का, मोटर चालू झाली का, शेजारच्या वस्तीवर लाईट आली का, हे सगळं आता मोबाईलवरच विचारलं जातं. अंधारात साप-विंचू चावला तर १०८ ला फोन लावायलाही मोबाईलच लागतो. आणि नेमका त्याच वेळी तो चार्जिंग संपून बंद पडतो.

दोन वर्षांपूर्वी रब्बीत मी गव्हाला रात्रीचं पाणी देत होतो. अकराला येणारी लाईट एक वाजता आली. तोवर वाट बघत, इकडंतिकडं फोन करत मोबाईल संपवला. दोन वाजता घरून फोन लागेना म्हणून वडील काठी आणि टॉर्च घेऊन मला शोधायला निघाले. बांधावर पाय घसरला, घोटा मुरगळला आणि पुढं तीन आठवडे ते बाजेवर बसून होते. मी मोटरीच्या शेडमध्ये बसलो होतो आणि माझ्यासमोर फवारणी पंपाची भरलेली १२ व्होल्टची बॅटरी पडून होती. तिच्यावर मोबाईल चार्ज होऊ शकतो, हे त्या वेळी सुचलंच नाही.

त्यानंतर हे काम शिकलो, दोन-तीन चुका केल्या आणि आता आमच्या शेडमध्ये असा डबा कायम असतो. शेतकरी बांधवांनो, त्याचीच ही पूर्ण माहिती. लेख जपून ठेवा आणि जोडणी करताना समोर ठेवा.

आधी एक धोक्याची गोष्ट

रानात चार्जिंग संपलं की काही जण स्टार्टरच्या पेटीतून एक फेज घेतात, दुसरी तार अर्थिंगच्या सळईला लावतात आणि त्यावर मोबाईलचा चार्जर चालवतात. चार्जर चालतो, म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही. पण तेव्हा करंट जमिनीतून परत जात असतो. सळईची तार ढिली झाली किंवा तुटली, तर त्या तारेवर सुद्धा २३० व्होल्ट उभे राहतात. त्यात जमीन ओली आणि पाय अनवाणी. एका मोबाईलच्या चार्जिंगसाठी हा जुगार खेळू नका. खाली दिलेला डबा १२ व्होल्टवर चालतो, त्यानं शॉक लागून जीव जायची भीती नाही. त्याचे स्वतःचे धोके आहेत, पण ते सांभाळता येतात.

हे काम करतं कसं?

मोबाईलला चार्जिंगसाठी ५ व्होल्ट लागतात. फवारणी पंपाची बॅटरी देते १२ व्होल्ट. मधे १२ चे ५ करणारा एक छोटा सर्किट बोर्ड लागतो. तो वेगळा शोधत बसायची गरज नाही. मोटारसायकलच्या हँडलला बसवतात तो यूएसबी चार्जर म्हणजे हाच बोर्ड, तयार डबीत बसवलेला. त्याच्या मागून एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी निघतात. त्या बॅटरीला जोडायच्या आणि मधे फ्यूज टाकायचा. काम एवढंच आहे.

साहित्य काय लागेल?

१. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ७ किंवा ८ एएचची शिशाची बंद बॅटरी. पंपाला कमी पडू लागलेली जुनीही चालते.
२. मोटारसायकलचा यूएसबी चार्जर. पाकिटावर इनपुट १२ व्होल्ट आणि आउटपुट ५ व्होल्ट, २ अँपिअर किंवा जास्त, असं लिहिलेलं हवं. व्होल्टचा आकडा दाखवणारा मिळाला तर तोच घ्या, बॅटरी किती उरली ते समजतं. किंमत साधारण दीडशे ते तीनशे रुपये.
३. पात्याचा फ्यूज आणि त्याचा वायरवाला होल्डर. फ्यूज ३ किंवा ५ अँपिअरचा. ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडं मिळतो.
४. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, लाल आणि काळी, प्रत्येकी हातभर.
५. बॅटरीच्या टर्मिनलवर दाबून बसणारे दोन चपटे थिंबल.
६. एक साधा स्विच.
७. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, चिकटपट्टी, पक्कड आणि एक मल्टिमीटर. मीटर घरात नसेल तर वायरमनकडून तासाभरासाठी आणा, पण मीटरशिवाय जोडणी करू नका.

बॅटरी घरचीच असेल तर सगळा खर्च चारशे-पाचशे रुपयांच्या आत बसतो. बॅटरी नवीन घ्यावी लागणार असेल तर ती एकटीच हजाराच्या आसपास जाते. मग घरी बनवण्यात फायदा नाही, तेवढ्यात चांगला तयार पॉवर बँक येतो. हा जुगाड ज्याच्याकडं बॅटरी पडून आहे त्याच्यासाठीच.

एक लक्षात घ्या. आता काही नव्या पंपांना शिशाच्या ऐवजी लिथियमची हलकी बॅटरी येते. हातात घेतली की वजनावरून कळतं. शिशाची ८ एएचची बॅटरी दोन-अडीच किलोची असते, लिथियमची बरीच हलकी. लिथियमची बॅटरी उघडू नका आणि तिच्या स्वतःच्या चार्जरशिवाय दुसऱ्या कशानंही भरू नका.

जुनी बॅटरी कामाची आहे का, असं तपासा

आधी नजरेनं बघा. पोट फुगलेलं, चीर गेलेली, टर्मिनलजवळ ओल किंवा पांढरी-हिरवी पावडर आलेली बॅटरी घेऊ नका.

मग ती पंपाच्या चार्जरनं पूर्ण भरा, चार्जर काढा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मीटर लावा.

• १२.६ व्होल्टच्या वर: चांगली.
• १२.२ च्या आसपास: बरीच थकलेली, पण पुढची परीक्षा घेऊन बघा.
• साडेदहाच्या आसपास: आतल्या सहा घरांपैकी एक घर मेलेलं आहे. ती भंगारात द्या.

दुसरी परीक्षा बल्बची. ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब भरलेल्या बॅटरीला लावा आणि घड्याळ बघा. दर पंधरा मिनिटांनी मीटर लावायचं आणि ११.५ व्होल्ट आले की बल्ब काढायचा. चांगल्या बॅटरीवर हा बल्ब तीन तासांच्या आसपास जळतो. जुन्या बॅटरीवर दीड-दोन तास जळाला तरी मोबाईलसाठी ती उत्तम आहे. पंधरा-वीस मिनिटांतच उतरली तर तिच्यावर मेहनत घालू नका. बल्ब चांगलाच तापतो, तो चिंधीवर किंवा कडब्यावर ठेवू नका. परीक्षा झाली की बॅटरी लगेच परत भरा.

जोडणी: एकेक पायरी

पायरी १. फ्यूज होल्डरमधून काढून खिशात ठेवा. सगळं काम होईपर्यंत तो बसवायचा नाही.

पायरी २. लाल वायरीला थिंबल दाबून बसवा. थिंबलपासून चार बोटांच्या आत फ्यूज होल्डर यायला हवा. फ्यूज बॅटरीच्या जवळच का? कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं. तो तुकडा जितका लहान तितकं बरं.

पायरी ३. फ्यूजनंतर स्विच आणि स्विचनंतर यूएसबी चार्जरची लाल वायर. काळी वायर थिंबल लावून सरळ चार्जरच्या काळ्या वायरीला जोडा. नुसता पीळ मारून सोडू नका. पीळ मारा, जमलं तर सोल्डर करा आणि वर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. एकही उघडी तार दिसता कामा नये.

पायरी ४. आता थिंबल बॅटरीवर बसवा. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस. रंगावर विसंबू नका, मीटर लावून खात्री करा. उलटी जोडणी झाली तर चार्जर जळतो.

पायरी ५. फ्यूज बसवा आणि स्विच चालू करा. चार्जरवरचा दिवा लागला पाहिजे. पाच मिनिटं थांबा आणि वायरींना हात लावून बघा. कोमट सुद्धा लागायला नकोत.

पायरी ६. पहिल्याच झटक्यात चांगला मोबाईल लावू नका. यूएसबीवर चालणारा छोटा लाईट किंवा जुना कीपॅडचा फोन लावून बघा. मीटरनं यूएसबीचं मोजता आलं तर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मधे आकडा हवा. तसा असेल तर आता आपला फोन लावा. दहा-पंधरा मिनिटांनी चार्जर थोडा कोमट लागेल, ते चालतं. चटका बसण्याइतका तापला तर चार्जर हलक्या प्रतीचा आहे, बदला.

पायरी ७. बॅटरी डब्यात उभी ठेवा आणि हलू नये म्हणून पट्ट्यानं बांधा. डब्याला वरच्या बाजूला चार-पाच भोकं पाडा. भरताना बॅटरीतून थोडा वायू निघू शकतो, तो कोंडून राहायला नको. यूएसबीचं तोंड बाजूला काढा, वर नको, म्हणजे दव-पाणी आत जाणार नाही.

फ्यूज का एवढा महत्त्वाचा, ते माझ्या चुकीवरून सांगतो. पहिल्या वेळी मी फ्यूज टाकलाच नाही, म्हटलं एवढ्याशा बॅटरीला काय फ्यूज. डबा मोटारसायकलला बांधून नेताना वायर घासली आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. वायरीचं प्लास्टिक वितळून धूर निघाला. बाजूला पिशवी होती, तिला भोक पडलं. नशीब, गाडीच्या टाकीजवळ डबा नव्हता. शिशाची बॅटरी लहान असली तरी दोन्ही टोकं जुळली की वेल्डिंगसारखी ठिणगी पाडते. दहा रुपयांचा फ्यूज तेव्हा जळून गेला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती.

एका भरण्यात किती मोबाईल?

इथं बऱ्याच जणांचा हिशोब चुकतो. बॅटरीवर लिहिलेल्या एएच किंवा एमएएचची सरळ तुलना करता येत नाही, कारण व्होल्ट वेगळे असतात. म्हणून दोन्हीचे वॉट-तास काढायचे. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॉट-तास.

• पंपाची बॅटरी: १२ × ८ = ९६ वॉट-तास.
• तिच्यातला निम्माच माल वापरायचा, म्हणजे ४८. शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत ओढली की लवकर मरते.
• १२ चे ५ व्होल्ट करताना काही वीज उष्णतेत जाते. हातात येतात साधारण ४० वॉट-तास.
• ५००० एमएएचचा स्मार्टफोन: ३.८५ × ५ = सुमारे १९ वॉट-तास. फोनमध्ये जाताना होणारी घट धरून २१-२२ लागतात.

म्हणजे चांगल्या बॅटरीवर जवळपास दोन मोबाईल पूर्ण होतात. अर्धी थकलेली बॅटरी असेल तर एक. रात्रभराच्या पाण्यासाठी तेवढं पुष्कळ झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा कीपॅडचा फोन तर चार-साडेचार वॉट-तासांत भरतो, तो याच डब्यावर आठ-नऊ वेळा चार्ज होईल.

चार्जिंग चालू असताना व्होल्टचा आकडा १२ च्या आसपास आला की थांबा. ११.५ च्या खाली कधीच जाऊ देऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी त्याच बॅटरीवर फवारणी करायची असेल, तर आदल्या रात्री तिच्यावर मोबाईल लावू नका. अर्ध्या पंपातच औषध थांबेल.

बॅटरी भरायची कशी?

सगळ्यात सोपं म्हणजे पंपासोबत आलेला चार्जर. घरी लाईट असेल तेव्हा लावा, दिवा हिरवा झाला की काढा. भरताना जागा मोकळी हवी आणि जवळ बिडी-काडी नको. वापरून झालेली बॅटरी रिकामी ठेवून देऊ नका. रिकामी राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग ती पूर्ण भरत नाही. हंगाम नसला तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा भरून ठेवा.

शेडवर सोलर पॅनेल असेल तर १० ते २० वॉटचं १२ व्होल्टचं पॅनेल चालतं. पण पॅनेल थेट बॅटरीला जोडू नका. मोकळ्या पॅनेलवर उन्हात २० व्होल्टच्या पुढं आकडा जातो आणि बॅटरी भरल्यावरही तो रेटत राहतो. मधे चार्ज कंट्रोलर लावा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. अनेक लहान कंट्रोलरना यूएसबीचं तोंड दिलेलंच असतं. तसा मिळाला तर मोटारसायकलचा चार्जर वेगळा घ्यायची गरज नाही. १० वॉटच्या पॅनेलवर चांगल्या उन्हाच्या एका दिवसात ४० वॉट-तासांच्या आसपास भरतं, म्हणजे रात्री वापरलेलं बरंचसं परत येतं.

खिशात मावणारा चार्जर हवा असेल तर

दोन-अडीच किलोचा डबा शेडमध्ये ठीक आहे, पण गुरं चारायला जाताना कोण वागवणार? त्यासाठी लिथियमचे गोल सेल वापरतात. त्यांना १८६५० म्हणतात, कारण सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हेच सेल असायचे. एक सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट.

साहित्य चार वस्तूंचं: सेल, सेल बसवायचा होल्डर, पॉवर बँकचा तयार बोर्ड आणि डबी. बोर्ड असा घ्या, ज्यात सेल भरण्याची, ५ व्होल्ट बाहेर देण्याची आणि सेलच्या संरक्षणाची अशा तिन्ही सोयी एकत्र असतात. टीपी ४०५६ नावाचा छोटा बोर्ड लोक नेहमी वापरतात. तो फक्त सेल भरतो, ५ व्होल्ट देत नाही. आणि त्यातही संरक्षण असलेला व नसलेला असे दोन प्रकार मिळतात. संरक्षण नसलेला घेऊ नका.

होल्डरची लाल तार बोर्डच्या बी प्लसला आणि काळी बी मायनसला सोल्डर करायची, सेल सगळ्यात शेवटी बसवायचा. जोडणी सोपी आहे, पण इथं चुकीला माफी नाही. शिशाची बॅटरी चुकली तर वायर जळते. लिथियमचा सेल चुकला तर सेलच पेटतो. म्हणून हे नियम पाळा:

• सेलला थेट सोल्डर लावू नका. उष्णतेनं आतला पडदा वितळून सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. होल्डरच वापरा.
• एकापेक्षा जास्त सेल लावायचे तर एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे, एकत्र घेतलेले घ्या. जोडण्याआधी सगळ्यांचे व्होल्ट सारखे करून घ्या. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असेच जोडा. टॉर्चमध्ये घालतो तसे एकापुढं एक लावले तर व्होल्ट दुप्पट होतात आणि बोर्ड जळतो.
• भंगारातल्या लॅपटॉपचा सेल २ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर तो परत भरायचा प्रयत्न करू नका.
• जुना सेल पूर्ण भरून आठवडाभर ठेवा. ४.२ वरून ४.१ च्या खाली उतरला तर तो आतून गळका आहे.
• भरताना सेल गरम होत असेल तर लगेच काढा. चेपलेला, गंजलेला, वरचं प्लास्टिक फाटलेला सेल घेऊच नका.
• सेलवर ९९०० एमएएच असं काही छापलेलं दिसलं तर दुकानातून परत फिरा. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० एमएएच असते.

आणि मिळणार काय? २६०० एमएएचचा एक सेल म्हणजे ९.६ वॉट-तास. घट वजा जाता त्यातून स्मार्टफोन ३५ ते ४० टक्के भरतो. चार सेल लावले तर दीडेक वेळा. चार चांगले नवीन सेल, बोर्ड आणि डबी यांची बेरीज हजाराच्या आसपास जाते. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की खिशातला हवा असेल तर तयारच घ्या. पॉवर बँकसाठी बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर आणि वस्तूवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. मुलांना शिकायची हौस असेल तर एक सेलचा बनवू द्या, पण मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं.

हे अजिबात करू नका

• २३० व्होल्टच्या लाईटवर ट्रान्सफॉर्मरशिवाय घरगुती चार्जर बनवायचे व्हिडिओ फिरतात. तसं काही करू नका. त्यात मोबाईलच्या वायरीवर थेट मेनचा करंट येतो.
• १२ व्होल्टची तार थेट मोबाईलच्या केबलला जोडू नका. फोन गेलाच समजा.
• कोणताही चार्जर उशीखाली, गादीवर किंवा कडब्याच्या गंजीजवळ लावून झोपू नका.
• लिथियमचा चार्जर उन्हात, ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा बंद गाडीत ठेवू नका.
• सुटे सेल खिशात किल्ली किंवा चिल्लर यांच्यासोबत ठेवू नका.
• पोरांच्या हातात उघडी जोडणी देऊ नका.

काही झालंच तर

लिथियमच्या सेलमधून फुसफुस आवाज, गोड-उग्र वास किंवा धूर आला तर हातानं उचलू नका. फावड्यानं किंवा काठीनं उघड्यावर ढकला, लांब व्हा आणि धूर नाकात जाऊ देऊ नका. पेटला तर लांबून भरपूर पाणी मारत राहा. एकदा विझून परत पेटतो, म्हणून तासभर तरी जवळ कुणाला जाऊ देऊ नका.

शिशाच्या बॅटरीतलं ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्यानं किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं असेल तर धुऊन झाल्यावर थेट दवाखाना गाठा. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, तूप लावू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चौकोनी ९ व्होल्टच्या सेलवर मोबाईल चार्ज होतो का?
चार्जिंगची खूण दिसते, पण उपयोग नाही. त्या सेलमध्ये साधारण ५०० एमएएच माल असतो. त्याला ७८०५ नावाचा रेग्युलेटर लावतात, तो जास्तीचे ४ व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो. मोठ्या मुश्किलीनं सात-आठ टक्के चार्जिंग होतं आणि सेल फेकून द्यावा लागतो.

फास्ट चार्जिंग होईल का?
नाही. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॉट. मोठा फोन भरायला अडीच-तीन तास लागतात. केबल आखूड आणि जाड घ्या. लांब बारीक केबलमध्ये व्होल्ट पडतात आणि अजून वेळ लागतो.

ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलच्या बॅटरीवर हाच चार्जर लावता येईल का?
येईल, तो त्यासाठीच बनलेला आहे. फ्यूज तिथंही हवा. ट्रॅक्टरला सेल्फ मारताना मात्र मोबाईल काढून घ्या. आणि गाडी बंद असताना मोटारसायकलच्या लहान बॅटरीवर तासन्‌तास लावू नका, सकाळी बटणावर गाडी चालू होणार नाही.

झटका मशीनच्या बॅटरीवर चालेल का?
मशीन चालू असताना नको. मशीन बंद करून बॅटरी पूर्ण सोडवून घेतली तर चालेल. पण रात्री रानडुकरं यायच्या वेळी मशीन बंद ठेवून मोबाईल चार्ज करणं परवडणार आहे का, ते तुम्हीच ठरवा.

१०००० एमएएचचा तयार पॉवर बँक ५००० चा फोन दोनदा का भरत नाही?
कारण ते १०००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टवरचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. ५ व्होल्टवर तेच ७४०० होतात आणि घट वजा जाता सहा हजारांच्या आसपास उरतात. खोक्यावर बारीक अक्षरात ही खरी क्षमता लिहिलेली असते, ती बघून घ्या.

बॅटरी पूर्ण मेल्यावर काय करायचं?
शिशाची बॅटरी फोडून शिसं काढायच्या भानगडीत पडू नका. ॲसिड आणि शिसं मातीत आणि विहिरीत जातं. बॅटरीच्या दुकानात द्या, वजनावर पैसे मिळतात किंवा नव्या बॅटरीत वजा होतात. लिथियमच्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्यावरचं सगळं शेवटी शेणखतातून आपल्याच रानात येतं.

शेवटी एवढंच

जिथं सौर वाहिनीवरून दिवसा लाईट मिळायला लागली, तिथं रात्रीचं जागरण कमी झालं आहे. बाकी ठिकाणी अजून रात्रीच पाणी धरावं लागतं. तोवर शेडमध्ये एक भरलेला डबा, एक चालू केबल आणि खिशात एक जादा फ्यूज असू द्या. आता मी रात्री रानात गेलो की बारा वाजता आणि तीन वाजता घरी एक मिस कॉल देतो. वडील जागेच असतात, पण काठी घेऊन बांधावर येत नाहीत.